जिमीला काय सोसत नाही

वाकोला गावठाण
२ फेब्रुवारी १९६९

प्रेमाबाई,

अक्षर बघून ओळखलं असशीलच. दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. तुझा विक्रोळीचा पत्ता मी तुमच्या जुन्या खोलीत राहायला आलेल्या बाईकडून काढला. तिला सांगितलं, प्रेमाची चाळणी माझ्याकडे राहिलीय, पाठवायची आहे. चाळणीबिळणी काही नाही, ते तुलाही ठाऊक आहे.

लिहायचं कारण एवढंच, की जिमीला खरूज नाही.

वाटल्यास परत वाच. काल आमच्या मार्कसचा चुलतभाऊ क्लेमेंट, आरे कॉलनीत दुधाचा टेंपो चालवतो तो, जिमीला आणि मला तिथल्या गुरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉ. विद्याधर नाईक नाव. बघतात म्हशी, पण कुत्र्याला नाही म्हणाले नाहीत. त्यांनी जिमीच्या कोपराची, कानाच्या कडेची आणि पोटाची कातडी पातीने खरवडली, अगदी रक्ताचा टिपूस येईपर्यंत. ते काचेवर घेऊन दुर्बिणीखाली कितीतरी वेळ बघत बसले. मग म्हणाले, खरूज किड्यामुळे होते आणि याच्या अंगात एकही किडा नाही. म्हणजे हे लागट नाही. माणसाला तर नाहीच नाही.

मी मुद्दाम विचारलं, शेजारच्या मुलीच्या बोटांमध्ये फोड आले होते ते मग कशाने? ते म्हणाले, मुलांना खरूज मुलांकडूनच येते, शाळेत एकाला झाली की बाकावरच्या सगळ्यांना होते. त्या वेळी मीराच्या वर्गातली अर्धी पोरं हात खाजवत होती, हे तूच मला सांगितलं होतंस. पण तुला दोषी सापडला तो माझा मुका जिमी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

विसरली असशील तर आठवण करून देते. तू आपल्या ओट्यावर उभी राहून सगळ्या गावठाणाला ऐकू जाईल अशी म्हणाली होतीस, "त्या कुत्र्याक बांधून घाल, नायतर माझ्या चेडवाची कातडी सडतली." मीरा तिथेच उभी होती, दोन्ही हातांना फडकी बांधलेली. रांगायला लागल्यापासून ज्या कुत्र्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपली, त्याच्यापासून तिला तू ओढून नेलंस. आणि चार दिवसांनी म्युनिसिपालटीची कुत्रे पकडायची गाडी बरोबर आपल्याच दारात आली. बाकीचं लिहीत नाही, तुझं तुला माहीत आहे.

तर आता तेवढं मागे घे. दोन ओळी पुरेत.

बेटी

वाकोला
९ मार्च १९६९

प्रेमाबाई,

तुझ्या दोन ओळी आल्या नाहीत. नाही येत तर नको येऊ देत. पण आज मला तुला एक विचारायचं आहे, आणि तुला विचारायचं नाही असं ठरवून मी आठवडा काढला, तेव्हा समजून घे की गरज माझी नाही, जिमीची आहे.

राखेचा बुधवार झाला आणि जिमी परत फुटला. दर वर्षी हेच. चाळीस दिवसांचा उपासकाळ लागतो आणि याची रवानगी नरकात होते. पुढचे पंजे चाटून चाटून लाल गाजरासारखे केलेत. काखेत आणि पोटाला बोटभरही केस उरलेला नाही. कानातून तपकिरी मळ येतो आणि त्याचा वास घरभर. माझी सासू म्हणते, हा खरा ख्रिस्ती कुत्रा, उपासकाळात अंगावर क्लेश घेतो. मला हसू येत नाही.

मी काय करायचं ठेवलंय सांग. गंधक आणि खोबरेल झालं. तू द्यायचीस ते करंजाचं तेल झालं. मार्कसने विमानतळाच्या वर्कशॉपमधून काळं तेल आणलं, सगळे म्हणतात खाजेवर तेच जालीम, तेही अंगभर चोपडलं. डॉक्टरांना ते सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की मी पुढचं गिळलं. म्हणाले, बाई, खाजेने नाही मेला तर तेलाने मेला असता, तो सगळं चाटतो ना. लादी फिनाइलने पुसायचीही बंद करायला सांगितली. मी तर तो आजारी म्हणून दिवसातून दोनदा पुसत होते.

ते म्हणतात, याच्या अंगाला काहीतरी सोसत नाहीये. त्याला ते ॲलर्जी म्हणतात. आपल्याला कशाकशाने पित्त उठतं तसं, पण हे रोजचं. ते काहीतरी काय, हे दुर्बिणीत दिसत नाही, घरच्या माणसाने शोधायचं. आधी पिसवा बघितल्या, त्याची गोधडी उकळून उन्हात घातली. फरक शून्य. मग त्यांनी विचारलं, वर्षात असा कधी काळ येतो का की तो बरा असतो?

मी म्हटलं, नाही, कधीच नाही.

परत येताना टेंपोत मार्कसही होता. मोठ्या रस्त्याला लागल्यावर म्हणाला, "ऑगस्टमध्ये बरा असायचा की. तू गोराईवरून यायचीस तेव्हा तुला ओळखायला यायचा नाही इतका." मी त्याला गप्प बस म्हटलं. पण खोटं नव्हतं ते.

दर ऑगस्टला मी आईकडे गोराईला शेताच्या कामाला जायचे, सासू लेकीकडे राहायला, आणि जिमी महिनाभर तुझ्या दारात असायचा. परतले की त्याच्या पोटावर नवे केस उगवलेले असायचे. तू म्हणायचीस, "माझ्याकडे इलो की सुदारता गो तो." आणि मी म्हणायचे, पावसाने धुवून निघाला.

तर विचारायचं ते हे. त्या महिन्यात तू त्याला काय खायला घालायचीस? सगळं लिही. काही सोडू नकोस.

बेटी

वाकोला
१३ एप्रिल १९६९

प्रेमा,

तुझं कार्ड पवित्र आठवड्यात मिळालं. ना वर मायना, ना खाली सही. "सकाळी ताक आणि नाचणीची भाकरी. दुपारी भात, वरण नाहीतर दुधी. रात्री उरलं तर भात. मासळी नाही, श्रावण होता." पोस्टाच्या कार्डाला एवढं कोरडं कुणी केलं नसेल. तरी पाठवलंस. मी नसतं पाठवलं कदाचित.

मी ते कार्ड घेऊन चुलीपुढे बसले. माझ्यापुढे काय होतं सांगू? डाळ-भात शिजत होता आणि बाजूला तव्यावर बोंबील. आमच्या घरात मासळी नाही असा दिवस कधी उजाडतच नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. ताजी नसली तर सुकी. पावसात सुकट, जवळा. आणि उपासकाळात तर मांस बंद, म्हणजे दोन्ही वेळा मासळी. सगळ्यांची डोकी, काटे, कालवणाचा रस्सा, सगळं भातात कालवून कुणाला? जिमीला. इतर वेळी निदान रविवारी तरी त्याला मटणाची हाडं मिळायची. उपासकाळात तीही नाहीत. आम्ही आमच्याबरोबर त्यालाही उपासकाळ पाळायला लावत होतो आणि तो फुटत होता.

तुला ते वर्ष आठवतं, श्रावण दोनदा आला होता? अधिक मास. तू दोन्ही पाळलेस. त्या वर्षी माझी आई आजारी पडली म्हणून मी गोराईला दोन महिने राहिले. परत आले तेव्हा जिमी इतका देखणा झाला होता की क्लेमेंटने विचारलं, दुसरा कुत्रा आणलात का? काखेत कळसा आणि गावाला वळसा, प्रेमा. चार वर्षं आम्ही औषधं शोधत फिरलो.

अजून नक्की नाही. डॉक्टर म्हणतात घाईने बोट दाखवू नका. दोन महिने त्याला फक्त तुझं श्रावणाचं जेवण द्यायचं. मासळीचा कण नको, मांस नको, अंडं नको, ताटं चाटायला नको, पाव नको, पाहुण्यांचा लाड नको. एवढ्यात चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. बाहेरून आला की पाय साध्या पाण्याने धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. कान ओल्या फडक्याने पुसायचे, आत काही खुपसायचं नाही. चार पिवळ्या गोळ्या दिल्यात, खाज फारच उठली तर अर्धी द्यायची, रोज नाही. त्या दिल्या की गाढ झोपतो. एवढी शांत झोप त्याला कधी लागली होती, मला आठवत नाही.

मीराचे हात बरे झाले का, ते तू लिहिलं नाहीस. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

बेटी

वाकोला
६ जुलै १९६९

प्रेमा,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं. मोठं होईल. चहा घेऊन बस.

पहिले पंधरा दिवस सासूने घालवले. एमिलियाबाईंना तू ओळखतेस. त्यांच्या मते मी कुत्र्याला उपाशी मारत होते. "कुत्र्यानं मासली नाय खाल्ली त काय गवत खावाचं?" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या. एक दिवस जिमी पुन्हा पंजे चाटायला लागला. मी डोक्याला हात लावला. मग दिसलं, म्हातारी पदराखालून त्याला सुकट भरवत होती आणि त्याच्याशी बोलत होती, की सून मेली दगडाची आहे, पण मी आहे रे तुला. मी ओरडले नाही. मार्कस ओरडला, आयुष्यात पहिल्यांदा आईवर. त्या रडल्या. म्हणाल्या, मी लाड नको करू तर काय करू, मला दुसरं काय येतं? परत पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. आता त्याच जिमीसाठी नाचणीची भाकरी थापतात, आणि आमच्यापेक्षा त्याची मऊ होते.

मग हळूहळू वास गेला. मग कान सुकले. एका सकाळी तो ओट्यावर उताणा पडला होता आणि त्याच्या पोटावर बारीक पांढरी लव दिसली. मी वाकून हात फिरवला तर त्याने पाय झाडला नाही. पूर्वी हात लागला की पाय आपोआप खाजवायला लागायचा, आठवतं ना?

मला वाटलं झालं. पण डॉक्टर म्हणाले, अजून एक राहिलं. त्याला पुन्हा मासळी द्या. मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही माणूस आहात का? ते म्हणाले, दिली आणि काही झालं नाही, तर आपण उगाच मासळीला बदनाम केलं आणि खरं कारण वेगळंच. दिली आणि खाज आली, तर मग आयुष्यभरासाठी कळलं. कुणालाही दोषी ठरवण्याआधी एवढं करावं लागतं, बाई.

ते कुत्र्याबद्दलच बोलत होते. पण मी मान वर केली नाही.

मार्कस तयार होईना. सासू देवळात निघून गेल्या. मग मीच एक बोंबील भाजला आणि त्याच्यापुढे ठेवला. प्रेमा, तो आधी खाईना. दोन महिने मी त्याला 'नाही' शिकवलं होतं ना. माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, खा. मग असा खाल्ला, शेपूट हलवत, डोळे मिटून, जसं काही घरात पुन्हा सगळं ठीक झालं. मी तिथून उठून मागच्या दारी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी काही नाही. पुन्हा एक दिला. मग तिसऱ्या दिवशी पंजे, नंतर कान, आणि आठवड्याभरात पोट लाल. त्याने पंजा तोंडात धरला होता आणि मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसून तो सोडवत होते. आता नक्की कळलं. मासळीच.

माझं दुःख तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला ते समजणार नाही. तो जितका खाजवायचा तितकी मी त्याला जास्त मासळी घालायचे. बिचारा, म्हणून पापलेटाचं डोकं. आजारी, म्हणून रावसाचा रस्सा. चार वर्षं त्याला मी आपल्या हाताने भरवलं, आणि दुसऱ्या हाताने तेल चोळलं. तो माझ्या हातून घेत राहिला. कुत्रा आहे, दुसरं काय करणार?

आणि तू सांगत होतीस. दर वर्षी सांगत होतीस, माझ्याकडे आला की सुधारतो. तू थट्टेने म्हणायचीस, पण बघत होतीस ना? मला काय ऐकू यायचं माहीत आहे? तुझ्या घरात बिघडतो. नाकाला मिरच्या झोंबायच्या. म्हणून तर मागच्या ऑगस्टला मी त्याला तुझ्याकडे ठेवला नाही. हट्टाने होडीत घालून गोराईला नेला. म्हटलं, बघू या, प्रेमाशिवाय सुधारतो की नाही. आईच्या माळ्यावर पोतंभर सुके बोंबील होते. परत आणला तेव्हा त्याच्या अंगावर कातडी म्हणावी अशी राहिली नव्हती. तू त्याला तसा बघितलास, मीराची बोटं बघितलीस, आणि घाबरलीस. तुझ्या जागी कुणीही घाबरलं असतं. मीही.

त्याच्यानंतर गाडी आली. जिमी माझ्या खाटेखाली, मार्कस दारात आडवा, आणि मी तुझ्या ओट्यावर तुझं नाव घेऊन ओरडत होते, गाडी हिनेच बोलावली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पुरावा काय होता माझ्याकडे? काही नव्हता. तू नाही म्हणालीस, तर मी म्हटलं, ठेव पोरीच्या डोक्यावर हात आणि सांग. तू ठेवलास. सांगितलंस. तरी मी विश्वास ठेवला नाही आणि नाताळाच्या आधी तुमचं सामान टेंपोत चढलं तेव्हा मी दार लावून आत बसले होते.

तर ते मी आज मागे घेते. पत्रात नाही, तोंडावर येऊन मागे घ्यायचं आहे. पण आधी तू हो म्हण.

बेटी

वाकोला
२० जुलै १९६९

प्रेमे,

तुझं पत्र मंगळवारी आलं. एवढं लांब पत्र तू कधी कुणाला लिहिलं नसशील. मी ते ओट्यावर वाचायला घेतलं आणि आत जाऊन संपवलं.

गाडी तूच बोलावली होतीस.

खोटं कशाला बोलू, मला राग आला. दोन दिवस मी भांडी आपटली. मार्कसने विचारलं काय झालं, तर म्हटलं काही नाही, दात दुखतोय. जिमीकडे बघायचे आणि मनात यायचं, तो फास याच्या गळ्यात पडला असता. मी माफी मागायला निघाले होते, प्रेमा, आणि गुन्हा तूच केलेला.

तिसऱ्या दिवशी मी तुझं पत्र परत वाचलं. तू लिहिलंस की गाडीवाल्यांना सांगून घरी आलीस तेव्हापासून तू जेवली नव्हतीस. जिमी वाचला तेव्हा तू मोरीत जाऊन रडलीस. हे सगळं मला पटलं. पण मला हलवलं ते शेवटच्या ओळींनी. तू लिहितेस की मीराच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतलीस, आणि तेव्हापासून तिला साधा ताप आला तरी तू रात्रभर उशाशी बसतेस. दोनदा तिला ताप आला, दोन्ही वेळा तू नारळ घेऊन देवीला गेलीस. गुणाजीभावोजींनाही यातलं काही सांगितलेलं नाहीस. जागा बदलायचा हट्टही तूच धरलास, कारण माझ्या दारासमोर उभं राहवत नव्हतं.

आता माझं ऐक. ती शपथ तुला मी घ्यायला लावली. सगळं गावठाण जमवून, आईला पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला लावणारी मी. आई काय करणार तिथे? तुमच्या देवीला कळत असेल तर एवढंही कळेल. आणि आमच्या देवळातल्या मावलीला मी सांगून आले आहे, मेणबत्ती लावून, की प्रेमाची शपथ माझ्या नावावर लिही. मीराला काही होणार नाही. ताप सगळ्याच पोरांना येतो.

मला तुझा राग आहे. तो जाईल, थोडा राहील. तुलाही माझा असेल. पण आपण दोघी एकाच ओट्यावर तांदूळ निवडायचो ते मला कुणाहीबरोबर जमत नाही. नवी बाई फार बोलते.

श्रावण लागला की मी येते. क्लेमेंट टेंपोतून सोडेल, कारण बसमध्ये कुत्र्याला घेत नाहीत. हो, जिमीला आणते. श्रावणात तुम्ही आणि तो एकाच पंगतीला बसाल, वेगळं रांधायला नको. मीराला सांग जिमी येतोय. बघेल तर ओळखणार नाही त्याला, सगळे केस आलेत, मान तर सिंहासारखी झाली आहे. मला तिचा तेवढा चेहरा बघायचा आहे. दुसरं काही नको.

तुझी,
बेटी

वाकोला
१८ ऑगस्ट १९६९

प्रेमे,

काल तुझ्याकडून निघाले ते टेंपोत एक शब्द बोलले नाही. क्लेमेंटला वाटलं आपण परत भांडलो. आपण भांडलो नाही. तू जिन्यात मला मिठी मारलीस तिथेच सगळं संपलं. गुणाजीभावोजींनी जिमीला "या साहेब" म्हटलं. तुझी अळूची भाजी झकास होती, जिमीने दुसऱ्यांदा भात मागितला. तुला वाटलं असेल मी खूश होऊन गेले.

तू चहा टाकायला आत गेलीस तेव्हाचं तुला माहीत नाही. ते सांगायला हे पत्र.

मीरा सकाळपासून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तू म्हणालीस, लाजते, आता मोठी झाली. जिमीने तिला लगेच ओळखलं. तिच्याभोवती रडल्यासारखा आवाज करत फिरत होता. ती हलली नाही. दोन्ही हात पाठीमागे धरले होते, एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट पकडून. मी म्हटलं, ये गं, बघ त्याचं पोट कसं मऊ झालंय, लाव हात. तिने मान हलवली.

मला वाटलं अजून खरुजेची भीती. म्हणून मी तिला जवळ बसवून समजावलं, डॉक्टरांनी मला समजावलं होतं तसं. त्याला खरूज कधी नव्हतीच, त्याला फक्त मासळी सोसत नाही, त्याच्यापासून तुला काही होत नाही.

ती म्हणाली, "मला माहितीय मावशी. पण माझ्यापासून त्याला होतं ना."

मी विचारलं, काय होतं?

"मी हात लावला की त्याला न्यायला गाडी येते."

प्रेमा, तिने सगळं नीट मांडून सांगितलं, अगदी शाळेतलं उत्तर सांगावं तसं. मी त्याला हात लावायचे, मग माझे हात खराब झाले, मग गाडी आली. आई म्हणाली मी नाही बोलावली, आईने माझी शपथ घेतली, म्हणजे आईने बोलावली नाही. मग माझ्यामुळेच आली. तुमच्या कॉलनीतल्या एकाही कुत्र्याला तिने हात लावलेला नाही. तिथे एक पांढरं पिल्लू आहे म्हणाली, ते तिच्या मागे येतं, तर ती पळते. तुम्हाला वाटतं ती घाबरते.

तिला खरं सांगायला गेले असते तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते मी तिला सांगू शकत नव्हते. जिमी येऊन तिच्या पावलांवर डोकं ठेवून आडवा झाला. तिने पाय ओढले नाहीत, पण खालीही बघितलं नाही. रस्त्यावरून कसली तरी गाडी गेली, तेव्हा तिने मान वळवून खिडकीकडे बघितलं. मग मला हळूच म्हणाली, "मावशी, याला लवकर घरी घेऊन जा. मी हात नाही लावला, तू बघितलंस ना?"

मी म्हटलं, हो, बघितलं.

तेवढ्यात तू चहा घेऊन आलीस आणि तिला रागावलीस, की हात मागे कसले ठेवतेस, बशी धर.

तिला शपथेचं खरं सांगायला हवं, प्रेमा, आणि ते तुलाच सांगावं लागेल. मी शेजारी बसेन. कधी येऊ ते कळव. मी एकटीच येते, जिमीला घरी ठेवते.

तुझी,
बेटी